न वाजलेली पेटी

सणसवाडीत हायवेच्या कडेला, एका हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. माऊली त्याचा मालक. आधी तो एका कारखान्यात मेंटेनन्सला होता, मग नोकरी सोडून त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. कारखान्यांतल्या मशिनींना सेन्सर लावायचे आणि त्यांचं सॉफ्टवेअर लिहून द्यायचं. लिहिण्याचं काम अनुपमाकडे होतं. ती केंदूरची. हिंजवडीत चांगल्या नोकरीत होती, पण वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं आणि ती गावी परतली. सकाळी स्कूटीवर सणसवाडीला यायची, अंधार पडायच्या आत घरी जायची.

बिबट्याच्या पेटीची कल्पना माऊलीची. दौंड तालुक्यात भीमेच्या काठावर जांभूळमळा नावाची वस्ती आहे, तिथं त्याची मावशी राहते. तिच्या गोठ्यातलं वासरू बिबट्यानं नेलं, तेव्हा त्याच्या डोक्यात हे आलं. उसाच्या कडेला खांबावर कॅमेरा, घराच्या भिंतीवर पेटी आणि पेटीवर भोंगा. कॅमेऱ्यासमोरून कुत्रं गेलं, शेळी गेली, माणूस गेला तर पेटी गप्प. बिबट्या दिसला की भोंगा. अनुपमानं ते जमवून दाखवलं. जांभूळमळ्यातल्या पेट्या पहिल्याच हिवाळ्यात दोन-तीनदा वाजल्या आणि दर वेळी उसातून खरोखरच बिबट्या निघाला. लोकांनी माऊलीला फेटा बांधला, अनुपमाला साडी दिली.

दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. ती गोष्ट इतकी बारीक होती की घरी सांगितली असती तर कोणाला कळली नसती.

सॉफ्टवेअर कोणी एकटा लिहीत नाही. आपण थोडं लिहितो, आणि चित्र ओळखणं, आवाज काढणं, वेळ मोजणं असले तयार तुकडे नेटवरून घेतो. हे तुकडे लिहिणारी माणसं जगात कुठं कुठं बसलेली असतात आणि ती त्यात सारखे बदल करतात. प्रत्येक बदलाला नवा नंबर मिळतो, टिंबांनी तोडलेले तीन आकडे. कुठला तुकडा कुठल्या नंबराचा घेतला, याची यादी कॉम्प्युटर आपोआप तयार करतो. तिला म्हणतात लॉक फाईल. ती जपली तर वर्षानंतरही नव्या मशीनवर नेमके तेच तुकडे येतात. नाही जपली तर त्या दिवशी जे नवीन असेल ते येतं.

अनुपमाचं म्हणणं, ही फाईल आपल्या कोडबरोबरच गिटमध्ये, म्हणजे कोड आणि त्यातला प्रत्येक बदल जपला जातो तिथं, ठेवायची. माऊली नको म्हणायचा.

"मशीननं बनवलेली फाईल आपण कशाला सांभाळायची?" तो म्हणायचा. "आपण हातानं लिहिलं तेवढं ठेव. बाकीचं मशीन परत बनवतं की."

"परत बनवतं दादा, पण तेच बनवत नाही."

"नवीन बनवतं. नवीन म्हणजे दुरुस्त केलेलं."

"नवीन म्हणजे वेगळं. सुधारलंय का बिघडलंय, ते आपल्यालाच बघावं लागतं."

"मग बघ की. बघू नको म्हणलंय का मी?"

माऊली उगाच हट्ट करत नव्हता. त्याला एकदा चटका बसला होता. एका कारखान्यात त्यांचं जुनं सॉफ्टवेअर चालू होतं. त्यात लॉक फाईल होती आणि तिच्यामुळं एक तुकडा वर्षानुवर्षं जुन्याच नंबरावर अडकून पडला होता. त्या तुकड्यात भोक होतं, बाहेरच्या कोणालाही आत शिरता आलं असतं. कारखान्याच्या तपासणीत ते सापडलं, माऊलीला चार लोकांसमोर ऐकून घ्यावं लागलं आणि ते काम हातचं गेलं. तेव्हापासून त्याच्या मनानं घेतलं, की ही फाईल म्हणजे कुजलेलं झाकून ठेवायचं भांडं. त्यानं स्वतः तिचं नाव गिटच्या 'ही घेऊ नये' या यादीत घालून टाकलं होतं. अनुपमानं दोनदा काढलं, त्यानं दोनदा परत घातलं. तिसऱ्यांदा तिनं सोडून दिलं. रोज एकाच खोलीत बसायचं, किती भांडणार?

शिरूर तालुक्यात कवठे येमाईच्या शिवारात बोरमळा आहे. तिथल्या पोपटरावांची सून ज्ञानेश्वरी ही जांभूळमळ्याची लेक. माहेरी तिनं पेटी वाजताना ऐकली होती. एकदा अंगणात धुणं वाळत घालत असताना भोंगा झाला, ती घरात पळाली आणि खिडकीतून तिनं बिबट्याला दोरीखालून जाताना बघितलं. त्या वर्षी बोरमळ्यात शेळ्या जायला लागल्या, तशी ती सरपंचांच्या मागं लागली. आमच्या माहेरी हाय तशी पेटी इथं आणा, म्हणाली. नवरा पप्पू रांजणगावला कंपनीत, शिफ्टवर. तो म्हणायचा, तुला काय करायचंय गावाचं. तरी ती गेली, चार बायका घेऊन गेली, आणि पेट्या मंजूर करून आली.

नव्या पेट्या अनुपमानं तयार केल्या. त्या आठवड्यात तिचे वडील शिरूरला दवाखान्यात होते. ती अर्धा दिवस तिथं आणि अर्धा दिवस ऑफिसात असायची. पेटीत सॉफ्टवेअर भरताना स्क्रीनवर ओळी पळतात, कुठला तुकडा उतरला, कितव्या नंबराचा उतरला. चित्र ओळखणाऱ्या तुकड्याचा नंबर बदललेला तिला दिसला. शेवटचा आकडा बदलला तर फार काही नसतं. हा पहिला आकडा होता. पहिला आकडा बदलला म्हणजे लिहिणाऱ्यानं काहीतरी मोठं बदललं, हे तिला पक्कं माहीत होतं. सोमवारी नीट वाचू, असं ती मनाशी म्हणाली. तेवढ्यात दवाखान्यातून भावाचा फोन आला.

पेटीला टेस्टचं बटण होतं. ते दाबलं की भोंगा वाजायचा. पण त्यानं फक्त भोंगा तपासला जायचा. खरी तपासणी म्हणजे कॅमेऱ्यासमोर बिबट्याचं मोठं चित्र धरायचं आणि पेटी ओळखते का बघायचं. पहिल्या पेट्यांच्या वेळी तिनं प्रत्येक पेटीला ते चित्र दाखवलं होतं. या वेळी तिनं नुसती बटणं दाबली. सगळे भोंगे वाजले. खाली दुकानात आलेली गिऱ्हाईकं वर बघायला लागली.

पेट्या बसवायला माऊली आणि ती बोरमळ्यात गेले. पोपटरावांच्या घरी पडवीच्या भिंतीवर पेटी बसली आणि तिची वायर स्वयंपाकघरातल्या बोर्डात गेली. पोपटरावांची बायको शेवंताबाई खाली उभी राहून बघत होती. अंगानं किरकोळ, कपाळावर गोंदण. तिनं चहा दिला आणि अनुपमाला विचारलं, "तू कुणाची गं?"

"केंदूरची हाय, मावशी."

"मंग आपलीच हायेस. मला समजंल असं सांग. ही वाजली न्हाई म्हंजी वाघ न्हाई, असंच ना?"

"व्हय, मावशी," अनुपमा म्हणाली.

महिनाभरात वस्तीच्या सवयी बदलल्या. आधी कोणी रानात निघालं की पत्र्याचा डबा बडवत जायचं, पोरं मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावायची. आता बायका एकदा पेटीकडं बघायच्या. ती चालू असल्याचा हिरवा दिवा दिसला आणि ती गप्प असली की विळा घेऊन निघायच्या.

ऊसतोड सुरू झाली होती. तोड झालेल्या रानातला बिबट्या उरलेल्या उसात सरकत होता. त्या दिवशी ऊन अजून पिवळं व्हायचं होतं. शेवंताबाईनं विळा आणि भारा बांधायचं पटकूर घेतलं. म्हशीला घास कापायचा होता. ज्ञानेश्वरी ओट्यापाशी पीठ चाळत होती.

"पेटी गप हाय ना गं?" सासूनं दारातून विचारलं.

ज्ञानेश्वरीनं मान वर करून दारातून पडवीत बघितलं. हिरवा दिवा होता. "गप हाय. जावा तुम्ही," ती म्हणाली.

म्हैस हंबरायला लागली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आत्याबाई अजून आल्या नाहीत. तिनं बांधावरून हाका मारल्या. पटकूर तिथंच पसरलेलं होतं, त्यावर थोडा घास कापलेला. विळा सरीत पडला होता. तिथून उसाच्या आत काहीतरी ओढत नेल्याची वाट पडली होती. ज्ञानेश्वरी आत शिरली नाही. ती तिथंच उभी राहून ओरडत राहिली. शेजारच्या रानातले लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांनी शेवंताबाईला बाहेर आणलं. मग त्यांनी तिच्या अंगावर टाकायला धोतर मागितलं.

पेटी शेवटपर्यंत वाजली नाही. दिवा हिरवाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माऊली आणि अनुपमा बोरमळ्यात पोचले, तेव्हा रस्त्यावर टायर जळत होते. वनखात्याची माणसं पिंजरा लावत होती. अंगणात माणूस मावत नव्हतं. मधोमध पोपटराव भिंतीला टेकून बसले होते. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. माऊली दिसताच सगळे त्याच्याकडं वळले.

"का वाजली न्हाई?" पप्पूनं विचारलं. त्याच्या अंगावर कंपनीचाच शर्ट होता.

"बघतो," माऊली म्हणाला. तो स्टुलावर चढला, आणि दुसरं काही न सुचून त्यानं टेस्टचं बटण दाबलं.

त्या घरात भोंगा वाजला. आतल्या बायका रडायच्या थांबल्या. एक लहान मूल किंचाळायला लागलं. माऊलीनं घाईनं बटण सोडलं.

"पेटी चांगली आहे," तो म्हणाला. "त्या वेळेला कोणीतरी बोर्डावरचं बटण बंद केलं असेल."

तो भीतीनं बोलला. बोलताना त्याच्या मनात कोणी नव्हतं. पण बोर्ड स्वयंपाकघरात होता आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात एकटी ज्ञानेश्वरी होती. माणसांच्या माना एकामागून एक दाराकडं वळल्या. ती दारातच उभी होती. गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "मोबाईल लावती न्हवं ती चार्जिंगला. कायम तिथंच लावती."

अनुपमानं ते ऐकलं. तिला बोलायचं होतं, पण काय झालं ते तिलाही अजून माहीत नव्हतं. तिनं पेटी उघडली, आतलं कार्ड काढून घेतलं आणि ते दोघं निघाले.

ऑफिसात तिनं कार्ड लावलं. पेटीनं प्रत्येक क्षणाची नोंद ठेवली होती. पेटी एकदाही बंद झाली नव्हती. आणि पेटीनं बिबट्या बघितला होता. फोटोसुद्धा काढून ठेवला होता. उसाच्या कडेला तो अंग चोरून बसलेला, कान मागं. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात हिरव्या लुगड्याचा पदर आणि घासावर वाकलेली पाठ. शेजारी पेटीनं लिहिलं होतं: बिबट्या, खात्री शून्य पूर्णांक एक्क्याण्णव.

अनुपमाला तिथंच सगळं कळलं. तिच्या कोडमध्ये ओळ होती, खात्री साठच्या वर गेली की भोंगा वाजव. जुना तुकडा खात्री शंभरातली सांगायचा. ऐंशी, नव्वद, एक्क्याण्णव. नव्या नंबरात लिहिणाऱ्यानं मोजमाप बदललं होतं, आता ती एकातली यायची. पूर्ण खात्री असली तरी आकडा एकच. एक कधीच साठच्या वर जात नाही. ती पेटी जगातल्या कुठल्याच बिबट्याला वाजणार नव्हती.

तिनं माऊलीला बोलावून दाखवलं. तो फोटोकडं बघत उभाच राहिला. मग खुर्चीत बसला.

"बाकीच्या पेट्या?" त्यानं विचारलं.

"सगळ्या अशाच. लोक अजून त्या दिव्याकडं बघून रानात जातायत. आत्ता फोन करा."

त्यानं लगेच सरपंचांना फोन लावला. पण बोलला एवढंच, "पेट्यांची तपासणी करायची आहे. तोवर बंद ठेवा, त्यांच्यावर विसंबू नका. डबे वाजवा." कारण सांगितलं नाही. फोन ठेवून तो अनुपमाला म्हणाला, "पक्की खात्री कर आधी. जुन्या पेटीत कितवा नंबर आहे ते बघून ये. तोवर मी वकिलाशी बोलतो."

"आणि तिचं काय? तुम्ही बटणाचं बोललात ते?"

"मी कुठं नाव घेतलं कुणाचं?"

"घ्यावं लागलं नाही, दादा."

फोटोवरची नजर न काढता तो म्हणाला, "बघ की, असं म्हणालो होतो मी."

"म्हणाला होतात. मी बघितलं नाही."



दुसऱ्या दिवशी तळेगाव ढमढेरे, न्हावरा करत, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडून अनुपमा जांभूळमळ्यात गेली. माऊलीच्या मावशीकडची पेटी उघडायची, असं तिनं ठरवलं होतं. मावशीनंच सांगितलं, "ज्ञानी आलीया बघ शेजारी. सुतकातच धाडून दिली. भाऊ जाऊन घेऊन आला."

अनुपमानं आधी पेटी बघितली. जुनाच नंबर होता. तिनं पिशवीतून बिबट्याचं चित्र काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. भोंगा लगेच वाजला. आजूबाजूच्या रानातून बायका धावत घरात शिरल्या आणि दारं लागली. ती रानाकडं बघून "काही नाही, काही नाही" म्हणत राहिली.

ज्ञानेश्वरी भावाच्या घरी मागच्या पडवीत बसली होती. केस विंचरलेले नव्हते. अनुपमाला बघून ती उठली नाही.

"ताई, तुम्ही पेटीतलं कार्ड नेलं व्हतं म्हणं," ती म्हणाली. "त्यात दिसतं का, बटण कुणी बंद केलं ते?"

"ज्ञानेश्वरी..."

"न्हाई, मला सांगा. मी मोबाईल लावला व्हता चार्जिंगला, पीठ चाळायच्या आधी. तवा हात लागला असंल का? दिवा मी बघितला व्हता. हिरवा व्हता. पण आता मलाच वाटाय लागलंय, मी बघितलाच न्हाई. नुसतं जावा म्हणाले. पप्पूनं इचारलं, खरं सांग. मी म्हणाले, ठावं न्हाई."

अनुपमा तिच्यासमोर जमिनीवर बसली. "तुमचा हात लागला नाही. बटण चालूच होतं. दिवा हिरवाच होता. तुम्ही बघितला तो बरोबर बघितला."

"मंग?"

"पेटीनं बिबट्या बघितला होता. तिला वाजता आलं नाही. आमची चूक झाली."

लॉक फाईल, नंबर, शंभर आणि एक, हे सगळं तिनं जमेल तेवढ्या सोप्या भाषेत सांगितलं. आम्ही एक यादी जपायला हवी होती ती जपली नाही, त्यामुळं तुमच्या पेट्यांत दुसराच तुकडा आला, आणि तो आला हे मला दिसलं होतं तरी मी तपासलं नाही. ज्ञानेश्वरीनं सगळं ऐकून घेतलं. तिला त्यातलं किती कळलं ते कळत नव्हतं.

"म्हंजी आमच्या हितली जुनी पेटी तिकडं असती, तर वाजली असती?"

"हो."

"आन् मी जावा म्हणाले ते बरोबर म्हणाले."

"बरोबर म्हणालात."

"बरोबर म्हणाले, आन् गेल्या की त्या." ती भिंतीकडं बघत बसली. मग म्हणाली, "ही पेटी मीच मागितली व्हती, ताई. चार बायका घिऊन गेले व्हते. त्या आधी डबा वाजवून जायच्या."

अनुपमा सरकून तिच्या शेजारी भिंतीला टेकली.

"हे मला सांगून काय उपेग?" ज्ञानेश्वरी म्हणाली. "तिकडं चला. आबांच्या म्होरं सांगा."

अनुपमानं माऊलीला फोन केला. तो म्हणाला, वकिलानं सांगितलंय, लेखी काही देऊ नका, तोंडी काही बोलू नका, दोन दिवस थांब. ती म्हणाली, "मी बोरमळ्यात चाललेय. तुम्हाला यायचं असेल तर या." तिनं फोन ठेवला.

ज्ञानेश्वरीच्या भावानं गाडी काढली. बोरमळ्यात अंगणात भावकीतली माणसं बसली होती. ज्ञानेश्वरीला गाडीतून उतरताना बघून पप्पू उठून उभा राहिला.

"हिला कशाला आणली?" त्यानं मेव्हण्याला विचारलं.

"मला बोलायचंय," अनुपमा म्हणाली. ती पोपटरावांच्या समोर गेली, पण बसली नाही. "आबा, पेटी चालू व्हती. बटण कुणी बंद केलं न्हाई. पेटीत आम्ही जे भरलं त्यात चूक व्हती. ती मला तपासायला पाहिजे व्हती, मी तपासली न्हाई. काल बटणाचं बोललं गेलं, ते खोटं व्हतं. तुमच्या सुनेचा काही दोष न्हाई."

कोणीतरी शिवी दिली. पप्पू तिच्या अंगावर आला, दोघांनी त्याला धरलं. "माझी आई गेली," तो म्हणाला, "आन् ही हितं चूक चूक करतीया." अनुपमा जागची हलली नाही. मार बसला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

पोपटरावांनी हात वर केला. माणसं गप्प झाली.

"पेटीला वाघ दिसला व्हता?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आबा."

"आन् ती?"

अनुपमाला काय विचारतायत ते कळलं. "त्या बी दिसत्यात. फोटो हाय. तुम्ही बघू नका, आबा."

"दाव."

तिनं मोबाईल दिला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. फोटो कुठं हालतो का म्हणून बघावं तसे ते बराच वेळ बघत राहिले.

"तिला कळलंच न्हाई," ते म्हणाले. "पाठमोरी हाय." मोबाईल परत देताना ते सुनेकडं न बघताच म्हणाले, "ज्ञाना, आत जा, पोरी. उन्हात उभी राहू नको."

ती आत गेली. पप्पू अंगणातून बाहेर निघून गेला.

बाहेर रस्त्यावर माऊलीची गाडी उभी होती. तो कधी आला ते तिला समजलं नव्हतं. तो आत आला, पोपटरावांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "यादी ठेवू नको असं मी म्हणालो होतो, आबा. ही अनुपमा ठेवा म्हणत होती." पोपटरावांनी त्याच्याकडं बघितलं. "कसली यादी?" ते म्हणाले. आणि माऊलीला ते सांगता येईना. तो तिथं नुसता बसून राहिला.

पोलिसांत दोघांनीही जबाब दिले. कारखान्यांची कामं एकेक करून बंद झाली. कोणी कारण सांगितलं नाही. हार्डवेअरवाल्यानं वरची एक खोली परत मागितली. लॉक फाईल आता गिटमध्ये आहे. ती ठेवायची की नाही यावर त्या ऑफिसात पुन्हा बोलणं झालं नाही. माऊलीनंच एक दिवस तिचं नाव त्या नकोच्या यादीतून काढलं आणि तिला सांगितलंही नाही. तिला सकाळी नवे बदल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेताना दिसलं. आता ती महिन्यातून एकदा एकेक तुकडा हातानं नवीन करते, काय बदललं ते शेवटपर्यंत वाचते आणि प्रत्येक पेटीला चित्र दाखवते. या कामात तिचे दिवस जातात. माऊली तिच्या खुर्चीमागून जातो, पण एवढा वेळ का लागतोय असं विचारत नाही.

पिंजऱ्यात एक बिबट्या सापडला. तो तोच होता की दुसरा, हे कोणी सांगू शकलं नाही. आठवड्यानं उसात परत पाय उमटलेले दिसले. बोरमळ्यातल्या काही घरांनी पेट्या पुन्हा चालू करून मागितल्या. रानात तर जावंच लागतं. पोपटरावांनी नको म्हणून सांगितलं.

पोपटरावांच्या शेजारच्या सगुणाबाईंची पेटी पुन्हा बसवायला अनुपमा उन्हाळ्याच्या तोंडाला तिकडं गेली, एकटीच. सगुणाबाई खालून बोलत होत्या. पप्पूनं आता रांजणगावलाच खोली घेतलीय, सुट्टीला बी येतो न येतो. आन् बाजारात बाया अजून म्हणत्यात, पेटीवाल्या पोरीला दोन पैकं देऊन वदवून घेतलं माहेरच्यांनी, बटण तिनंच बंद केलं व्हतं.

"मी खरं बोलले व्हते," अनुपमा स्टुलावरून म्हणाली.

"मला ठावं हाय गं. पर माणसाला पेटीपरीस सून सोपी पडती."

अनुपमानं चित्र दाखवलं, भोंगा वाजला. ती खाली उतरली तेव्हा बांधावरून ज्ञानेश्वरी चाललेली दिसली. हातात विळा, खांद्यावर पटकूर. एकटीच होती. भोंग्यानं ती थबकली, इकडं बघितलं, आणि परत चालायला लागली.

अनुपमा सामान तिथंच ठेवून मागं गेली. ज्ञानेश्वरी त्याच रानात घास कापायला बसली होती. "तुमचं काम करा, ताई," ती मान वर न करता म्हणाली. अनुपमा गेली नाही. ती तिच्याकडं पाठ करून उसाकडं तोंड करून उभी राहिली. वारा सुटला की पातं पात्यावर घासायचं आणि दर वेळी ती त्या बाजूला वळायची. मागून विळ्याचा आवाज येत होता. तो मधेच थांबायचा, परत सुरू व्हायचा.

घास भरपूर झाला तेव्हा ज्ञानेश्वरीनं पटकुराची गाठ मारली. "हात लावा," ती म्हणाली. अनुपमानं भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला. ज्ञानेश्वरी वळून घराकडं निघाली, आणि उसाकडं बघत बघत अनुपमा तिच्या मागं चालत राहिली.